माकणी फाट्यावरचं नाक

शिवपुत्र बिराजदार यांचं नाक तसं बेताचंच होतं. शेंडा किंचित चपटा, डावीकडे एक मस, आणि त्या मसाशेजारी काळ्या ऑइलचा एक ठिपका, जो अंघोळीनंतरही आपली जागा सोडत नसे. पण लोहारा तालुक्यात गाडी बिघडलेल्या माणसानं रस्ता विचारला, तर लोक त्याला या नाकाचाच पत्ता सांगत. "माकणी फाट्याला जावा. लिंबाखाली पत्र्याचं शेड हाय. तिथं नाकवाले अप्पा बसत्यात." माणसाची सगळी हयात एका अवयवात जमा व्हावी आणि उरलेल्या देहानं तो अवयव इकडून तिकडं वाहून न्यावा, असं या भागात अधूनमधून घडतं. बहुतेकांच्या बाबतीत तो अवयव म्हणजे जीभ असते. अप्पांच्या बाबतीत नाक होतं, एवढीच काय ती प्रगती.

नाकाचा विधी ठरलेला होता. गाडी सुरू ठेवायची. अप्पा खांद्यावरचा रुमाल काढत. त्या रुमालाचा मूळ रंग कोणता, हे त्यांच्या बायकोलाही, म्हणजे गंगम्मालाही आठवत नसे, कारण तो धुवायची तिला मनाई होती. अप्पा उकिडवे बसून रुमाल सायलेन्सरच्या तोंडाशी वीतभर अंतरावर धरत. मग उठत, पूर्वेकडं तोंड करत, डोळे मिटत आणि रुमाल नाकाला लावत. पूर्वेचा आणि पेट्रोलचा संबंध काय, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. शेडातली बोलणी थांबत. गाडीचा मालक दवाखान्यातल्या नातेवाइकासारखा तोंडाकडं बघत राही. मग निकाल येई. निकाल तीनच होते. "जास्त खायलीय." "उपाशी हाय." आणि तिसरा, जो ऐकण्यासाठी लोक उमरग्यापासून येत, "जेवली."

यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं. इंजिन पेट्रोलवर चालतं असं लोक समजतात, पण ते खरं म्हणजे हवेवर चालतं. वजनानं एक भाग पेट्रोल घेतलं तर त्याला जाळायला जवळजवळ पंधरा भाग हवा लागते. ही दोन्ही एकत्र करून इंजिनात सोडायचं काम जुन्या गाड्यांत कार्बोरेटर करतो. पेट्रोल जास्त झालं तर ते अर्धवट जळतं, धूर काळा येतो, वास कच्चा येतो. हवा जास्त झाली तर इंजिन तापतं, ठोकतं, चढाला दम टाकतं. अप्पा हे पंधरा वगैरे सांगत नसत. ते म्हणत, "चुलीत नुसती लाकडं कोंबली आन् फुंकलंच न्हाय, तर घर धुरानं भरतंय. नुसतं फुंकत बसलं, लाकूडच न्हाय, तर राख डोळ्यात जाती. मधली एक जागा असती. ती मला नाकानं घावती." मग ते पेचकसानं कार्बोरेटरवरचा एक इवलासा स्क्रू पाव फेरा आत घेत किंवा बाहेर, आणि इंजिनाचा आवाज भांडून थकलेल्या घरासारखा हळूहळू एकसारखा होई.

टाळेबंदीच्या दुसऱ्या साली अप्पांना ताप आला. घरोघरी येत होता तसाच. ताप गेला, खोकला गेला, चालताना लागणारी धाप गेली. एक दिवस गंगम्माच्या हातून पिठलं तळाला लागलं. करपल्याचा वास शेजारच्या तीन घरांत गेला, शेजारीण विचारायला आली, आणि अप्पा ताटावर बसून ते पिठलं शांतपणे खात होते.

"री," गंगम्मा म्हणाली. घरात ती त्यांना अशीच कानडी हाक मारी. "जळालंय की ते."

"मग? वाढलंस, खायलोय."

अप्पांनी आयुष्यात मीठ कमी पडल्यावरही ताट बाजूला सारलं होतं. गंगम्मानं पदर तोंडाला लावला आणि उठून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं बोलता बोलता हिंगाची डबी उघडून त्यांच्या नाकाखाली धरली. अप्पा वर्तमानपत्रातला हवामानाचा अंदाज वाचत राहिले. नवरा-बायकोत या विषयावर झालेलं बोलणं एवढंच. तिला कळलं, तिला कळलंय हे त्यांना कळलं, आणि दोघांनी डबीचं झाकण लावून टाकलं.

नाक परत येईल म्हणून त्यांनी वाट पाहिली. उमरग्याच्या डॉक्टरनं येईल म्हणून सांगितलं होतं. कापूर हुंगा, लवंग हुंगा म्हणाला होता. अप्पा देवापुढं कापूर लावून त्यावर इतके वाकत, की शेजाऱ्यांना वाटलं, आजारातून उठल्यावर माणूस भक्तीला लागला. भुवया जळाल्या. वास आला नाही.

एखाद्यानं अशा वेळी गिऱ्हाइकांना सरळ सांगितलं असतं. पण अप्पांचा विचार करा. नवीन गाड्यांत कार्बोरेटर नसतो. तिथं पेट्रोल किती फवारायचं हे एक छोटा संगणक ठरवतो आणि त्या गाड्या सोलापूरच्या काचेच्या शोरूममध्ये जातात, जिथं मालकाला आधी चहा मिळतो आणि मग धक्का. फाट्यावर यायच्या त्या जुन्या व्हॅन, जुन्या जीपा, कुणाच्या सासऱ्यानं मागं ठेवलेली मोटार. त्यांचे मालक पाना फिरवायला येत नव्हते. पाना कुणाहीकडं होता. ते नाकाला येत होते. नाक गेलं म्हटल्यावर लिंबाखाली उरणार होता तो एक साठीचा माणूस आणि पत्रा.

तेव्हा अप्पा दुसऱ्या वाटेनं शिकले. गिऱ्हाईक चहाला गेलं की ते इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग काढून बघत. प्लगचं टोक काजळीनं काळं असेल तर पेट्रोल जास्त. राखेसारखं पांढरं असेल तर हवा जास्त. भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखं असेल तर बरोबर. ही गोष्ट प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्या महिन्यात सांगतात. अप्पांनी ती उभ्या आयुष्यात कमीपणाची मानली होती. आता चोरून शिकले, आणि त्यांना एक वाईट शोध लागला. नाक इतकी वर्षं चुकत होतं. फार नाही, थोडंसं. अप्पांना पेट्रोलचा वास आवडायचा, त्यामुळं त्यांचं "जेवली" नेहमी एक घास जास्तच असायचं. प्लग बघून बसवलेल्या गाड्या तेवढ्याच पेट्रोलमध्ये लांब जाऊ लागल्या. म्हणजे तालुक्याचं नाक गेलं तेव्हा कुठं तालुक्याच्या गाड्या सुधारल्या.

पण हे लोकांना पटणार थोडंच होतं. एकदा अप्पांनी रुमालाचा विधी न करता एक व्हॅन परत दिली. प्लग टरफलासारखा, आवाज एकसारखा, सगळं व्यवस्थित. मालक, येडशीचा एक किराणावाला, दुसऱ्या दिवशी हजर.

"अप्पा, पिकअप न्हाय राहिला."

"कसा न्हाय?"

"न्हाय ओ. रामलिंगाच्या चढाला रडायलीय. तुमी वास घेतलावच न्हाय."

अप्पांनी पेचकसाला हातही लावला नाही. रुमाल धरला, पूर्वेला वळले, डोळे मिटले. नाकात नुसती गरम हवा शिरली, जिला आता कसलंच नाव नव्हतं. "जेवली," ते म्हणाले. किराणावाला रस्त्यावर एक चक्कर मारून आला आणि खिडकीतून हात बाहेर काढून म्हणाला, "आता बघा कशी पळायली. असं असतंय अप्पा, उगं लोक तुमाला मानत्यात का?" त्या दिवसापासून अप्पांनी विधी कधी चुकवला नाही. उलट डोळे थोडे जास्त वेळ मिटू लागले. ज्याच्यात आत काही उरत नाही, त्याला बाहेरचं जास्त नीट करावं लागतं. देवळातही तसंच आहे, पण तो विषय वेगळा.

फाट्याच्या पलीकडच्या बाजूला सोमेशनं प्रदूषण तपासणीची व्हॅन लावली होती. सोमेश डिप्लोमा झालेला, तिशीचा, गॉगल कपाळावर. त्याच्या यंत्राला एक नळी होती, ती सायलेन्सरमध्ये घालायची आणि धुरात काय आहे ते पडद्यावर बघायचं. सोमेश गिऱ्हाइकाला विचारी, "आत घालू का बाहेर धरू?" नळी बाहेर, मोकळ्या हवेत धरली की सगळ्या गाड्या पास होत. तालुक्यातली हवा चांगली आहे, हे त्या कागदांवरून शासनाला नक्की कळलं असणार.

"अप्पा," सोमेश रस्त्यापलीकडून म्हणे, "नव्या गाडीचं नाक गाडीतच असतंय बरं का. सायलेन्सरच्या नळीत बसवल्यालं. सेन्सर. क्षणाक्षणाला हुंगतंय आन् पेट्रोल कमी-जास्त करतंय. रुमाल लागत न्हाय त्याला."

"आन् त्याला सर्दी झाल्यावर?"

"बदलायचं. डबीत नवीन मिळतंय."

अप्पा हसले. त्या दिवशी घरी त्यांनी गंगम्माला विचारलं, डबीतलं नवीन असं माणसासाठी मिळत असेल का. गंगम्मा म्हणाली, मिळत असतं तर या गावात आधी बऱ्याच जणांसाठी दुसरंच काहीतरी आणलं असतं.

अशात कृष्णराज यांच्या घरचं लग्न निघालं. धरणाच्या कडेला ज्यांचा ऊस हिरवा दिसतो, त्यातला निम्मा कृष्णराज यांचा. पोरगा युवराज पुण्यात शिकलेला, सून लातूरची. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळाला जातो, त्याला इकडं परण्या म्हणतात, आणि परण्याला घोडा असतो. पण गेल्या साली भावकीतल्या एकानं घोडा आणला होता, त्यामुळं कृष्णराज यांना घोडा म्हणजे अगदीच सामान्य जनावर वाटू लागलं होतं. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली एक पेट्रोलची जीप गोठ्यात पडून होती. तीत चिमण्यांनी घरटी केली होती आणि एक शेळी झोपायची. युवराज त्याच जीपमधून देवळाला जाईल, असं ठरलं.

"अप्पा, हिला जेवायला घाला," कृष्णराज शेडात येऊन म्हणाले. "गावानं बघितलं पायजे."

गाव बघणार होतं, हे अप्पांनाही कळत होतं. जीप त्या गर्दीतून गुरगुरत गेली तर आणखी काही वर्षं नाकाला कुणी हात लावणार नव्हतं. बंद पडली तर सोमेश होताच रस्त्यापलीकडं. अप्पांनी त्या जीपवर मन लावून काम केलं. कार्बोरेटर उतरवला, एकेक भोक तारेनं आणि हवेनं साफ केलं, प्लग नवे घातले, टाकी रॉकेलनं धुतली. टाकीच्या तळाशी गंज होता, तो जेवढा निघाला तेवढा काढला. "नवीन टाकी घ्या," असं त्यांनी कृष्णराज यांना दोनदा सांगितलं. कृष्णराज म्हणाले, वडिलांची आठवण आहे. वडिलांच्या आठवणीत गंज असतो, हे अप्पांना माहीत असायला हवं होतं. त्यांनी प्लग बघितला, टरफलासारखा, आणि मालकासमोर रुमाल हुंगून "जेवली" म्हणून टाकलं.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं, की मांडवातल्या कापडी फुलांनासुद्धा तहान लागली असेल. मुहूर्त दुपारी साडेबाराचा होता, म्हणजे दोनपर्यंत कुणाला घाई नव्हती. परण्यासाठी जीप झेंडूनं मढवली. कृष्णराज यांचा पुतण्या रणधीर ती चालवणार होता. त्यानं मोठ्या उत्साहानं प्लॅस्टिकच्या कॅनमधून टाकी गळ्यापर्यंत भरली. इतके दिवस थोड्याशा पेट्रोलखाली गुमान निजलेला गंज त्या धारेनं ढवळून वर आला. ही गोष्ट तिथं कुणी बघितली नाही, कारण गंज बघायला कोण आलं होतं.

कार्बोरेटरमध्ये एक छोटी वाटी असते. तीत पेट्रोल ठरलेल्या पातळीला आलं की तरंगता डबा वर उचलला जातो आणि एक सुई पेट्रोलची वाट बंद करते. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत असतं तसंच. त्या सुईच्या तोंडाशी गंजाचा कण अडकला की वाट बंद होत नाही. वाटी भरते आणि सांडू लागते. या जीपमध्ये ती जिथं सांडते त्याच्या खालीच धुराची लोखंडी नळी असते, चुलीवरच्या तव्याइतकी तापलेली.

जीप मांडवापासून गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि अडखळू लागली. भड भड करी, मध्येच थुंके. बँजोवाले थांबले. नवरदेव मुंडावळ्या सावरत हसल्यासारखं करत होता. अप्पांना बोलावणं गेलं. ते वऱ्हाडातच होते, नव्या धोतरात, खांद्यावर मात्र तो जुनाच रुमाल. गंगम्मा बायकांच्या घोळक्यात मागं होती.

अप्पांनी बॉनेट उघडलं. आवाजावरून कळत होतं की पेट्रोल जास्त होतंय. त्यांनी स्क्रू थोडा आत घेतला. आवाज सुधारला. आणखी थोडा घेतला. जीप एकसारखी गुरगुरू लागली. पेट्रोल का जास्त होतंय, हे बघायला इंजिन थांबवून वाटी उघडायला हवी होती. पण बँजोवाल्यांतला ढोलवाला हातातल्या काठीशी खेळत होता, कृष्णराज घड्याळाकडं बघत होते, ज्याची इतर वेळी त्यांना कधी गरज पडत नसे, आणि लोक मोबाइल वर धरून उभे होते.

"अप्पा, वास घ्या," कुणीतरी म्हणालं. मग सगळेच म्हणाले.

अप्पांनी रुमाल धरला. पूर्वेला वळले. गरम हवा. त्यांनी डोळे नेहमीपेक्षा जास्त वेळ मिटले, व्हिडिओ चालू होते. "जेवली," ते म्हणाले. शिट्ट्या पडल्या. बँजो सुरू झाला.

आता जे झालं ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण असं इथंच होऊ शकतं. जीप माणसाच्या चालीनं चालली होती. उन्हात पेट्रोल वाटीतून सांडत होतं, खाली नळीवर पडून त्याची वाफ होत होती, आणि वास गल्लीभर पसरला होता. तो सगळ्यांना येत होता. पुढं नाचणाऱ्यांना येत होता, त्यांनी शर्टाची कॉलर नाकावर ओढली आणि नाचत राहिले. बायकांनी पदर लावले. नवरदेवानं मुंडावळ्यांच्या आड हातरुमाल धरला. रणधीरला तर इतका येत होता की त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. पण अप्पांनी वास घेतला होता आणि जेवली म्हणाले होते. तालुक्याच्या नाकानं पास केल्यावर आपल्या नाकाला कोण विचारतो? प्रत्येकानं आपापल्या नाकाला समज दिली.

एकाच व्यक्तीनं दिली नाही. कृष्णराज यांच्या आई द्वारकाबाई, पाठीला बाक आलेल्या, जीपच्या मागच्या सीटवर करवल्यांच्या मध्ये बसवलेल्या. त्या म्हणाल्या, "अरं, राकेलाचा वास यायलाय."

"आजी, पेट्रोल हाय ते. गाडीला पेट्रोलचाच वास येणार की."

"लई यायलाय पण."

"अप्पांनी बघितलंय आजी. तुमी बसा निवांत."

द्वारकाबाई बसल्या. निवांत नव्हे, पण बसल्या. या घरात त्या साठ वर्षं अशाच बसल्या होत्या.

गंगम्माला वास आला तेव्हा तिनं आधी जीपकडं बघितलं, मग नवऱ्याकडं. अप्पा जीपच्या बरोबरीनं, उजव्या चाकाशी, छाती काढून चालले होते. पुढं चावडीसमोर पोरं फटाक्यांची माळ अंथरत होती, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. जीप तिथवर आली की लावायची, असं ठरलं होतं. गंगम्मा गर्दीतून वाट काढत नवऱ्यापाशी आली आणि कन्नडमध्ये विचारलं, म्हणजे भोवतालच्या मराठी वऱ्हाडाला कळू नये.

"वास्नी बर्तैतेन्री?" वास येतोय का तुम्हाला?

"इल्ला," अप्पा म्हणाले. नाही.

"सगळ्यांना यायलाय," ती म्हणाली.

अप्पांनी तेव्हा पहिल्यांदा गर्दीकडं नीट बघितलं. कॉलरी, पदर, रुमाल. गल्लीभर लोक नाकं झाकून नाचत होते. त्यांना आधी वाटलं, सोपं आहे, गाडी गरम झाली म्हणून सांगू. ते खिडकीशी गेले. "रणधीर, बंद कर. गरम झालीय."

"कुठं अप्पा, काटा तर मधीच हाय."

"बंद कर म्हणतो ना."

गाडी थांबली, पण इंजिन चालू राहिलं. कृष्णराज पुढून आले, फेट्याचा शेमला उडवत. "काय झालं?"

"मालक, पेट्रोल गळायलंय. गाडी बंद करून लांब ढकलू. नवरदेवाला उतरवा."

"आत्ताच तुमी जेवली म्हणलाव."

"म्हणलो."

"मग एवढ्यात काय झालं? गावापुढं नवरदेव पायी न्यायचा का मी?" ते आवाज खाली आणून म्हणाले, "अप्पा, कुणी काय बोललं का तुमाला? मानपानाचं काय राहिलं का?"

आजूबाजूच्यांनी तोडगा काढला. तो काढायला इथं सगळे हुशार असतात. "अप्पा परत एकदा वास घ्या. तुमी म्हणाल तसं." पन्नासेक माणसं शांत झाली आणि त्या नाकाकडं बघू लागली. रुमालाआडून. स्वतःची नाकं गच्च धरून. चावडीपुढं एक पोरगं काडेपेटी हातात घेऊन इशाऱ्याची वाट बघत उभं होतं.

अप्पांनी रुमाल खांद्यावरून काढला. सवयीनं पूर्वेला वळलेही. मग थांबले.

"मला वास येत न्हाय," ते म्हणाले.

"म्हंजी गळत न्हाय ना? चला रं—" कृष्णराज वळून म्हणाले.

"कसलाच येत न्हाय. ताप आला तवापासनं. मी नुसता रुमाल लावतो."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. अप्पा चेष्टा करायलेत, असं एकानं दुसऱ्याला समजावून सांगितलं. त्यांच्या खरं बोलण्यावर विश्वास बसावा अशी व्यवस्था त्यांनीच ठेवली नव्हती. तेव्हा साठीचा तो माणूस नव्या धोतरासकट रस्त्यात आडवा झाला आणि जीपखाली हात घातला. बाहेर आला तेव्हा कोपरापर्यंत हात ओला होता आणि तळवा नळीला लागून भाजला होता. तो हात त्यांनी कृष्णराज यांच्या तोंडापुढं नेला.

"हे माझ्या नाकाला पाणी हाय, मालक. तुमच्या नाकाला काय हाय?"

कृष्णराज यांना उत्तर द्यायची इच्छा नव्हती. पण नाक हे असं आहे की ते तोंडासारखं बंद ठेवता येत नाही. त्यांनी मान मागं घेतली.

"पेट्रोल," ते म्हणाले. आणि मग एकदम, "बंद कर रं रणधीर. ती माळ उचला आधी."

मागच्या सीटवरून द्वारकाबाई म्हणाल्या, "मी काय म्हणलं व्हतं?" सगळे त्यांना उतरवून घ्यायच्या गडबडीत होते.

नवरदेव मारुतीपर्यंत पायी गेला. जीप पोरांनी ढकलत मोकळ्या रानात नेली. दोन दिवसांनी एका स्थानिक वर्तमानपत्रात बातमी आली, की घोडा आणि गाडीला फाटा देऊन कृष्णराज यांच्या घरानं साधेपणाचा आदर्श घालून दिला. कृष्णराज यांनी ती कापून ठेवली. झाल्या प्रकाराचा दोष त्यांनी कॅनमधल्या पेट्रोलला दिला, रणधीरनं पंपाला दिला, आणि गल्लीतल्या लोकांनी एकमेकांना सांगितलं, की आम्हाला तर कधीच कळलं होतं.

फाट्यावर काय होणार, याची अप्पांना खात्री होती. हाताला पट्टी बांधून ते शेडात बसले आणि वाट बघू लागले, की आज कुणी येणार नाही. काही जण खरंच आले नाहीत. सोमेशच्या व्हॅनपुढं दोन-तीन गाड्या जास्त दिसल्या. त्यानं चिडवलं नाही, उलट चहा पाठवला, आणि अप्पांना ते चिडवण्याहून जास्त लागलं. गंगम्मानं रुमाल धुतला. तो पिवळा होता, बारीक हिरव्या काठाचा. लिंबाच्या फांदीवर वाळत घातला तेव्हा जाणारे-येणारे कुणाची तरी नवी वस्तू असावी तसं त्याच्याकडं बघत गेले.

दुपारी येडशीचा किराणावाला आला. त्याला सगळं माहीत होतं, व्हिडिओ त्याच्याही मोबाइलवर होता. व्हॅन चढाला पुन्हा रडत होती.

अप्पांनी त्याच्यादेखत, लपवाछपवी न करता, प्लग काढला आणि त्याच्या हातावर ठेवला. "बघा. काळा हाय. पेट्रोल जास्त व्हायलंय. मी स्क्रू बसवतो. मग परत काढून दावतो. शेंगाच्या टरफलासारखा झाला की झालं."

किराणावाल्यानं प्लग दोन बोटांनी लांब धरला, मेलेला उंदीर धरावा तसा. स्क्रू बसला. व्हॅन थोडी लांब जाऊन आली. प्लग पुन्हा निघाला, रंग बदलू लागला होता, आवाज एकसारखा होता. किराणावाला गेला नाही. गाडीला टेकून उभा राहिला.

"झालं की," अप्पा म्हणाले.

"ते झालं ओ." त्यानं फांदीवरच्या रुमालाकडं बघितलं. "एकदा घ्या की वास."

"मला येत न्हाय. तुमाला ठाव हाय."

"येत नसला तर नसू द्या. आमी कुठं काय म्हणायलाव? तेवढं एकदा घ्या. समाधान असतंय."

शेडामागच्या घरातून भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. गंगम्मा दारात आली. अप्पांनी फांदीवरचा रुमाल काढला. तो अजून थोडा दमट होता. ते उकिडवे बसले, रुमाल सायलेन्सरशी वीतभर धरला, उठले. किराणावाल्याच्या चेहऱ्यावर समाधान यायला सुरुवात झाली. पण अप्पा पूर्वेला वळले नाहीत. ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि रुमाल त्याच्या नाकाखाली धरला.

"घ्या. तुमीच घ्या."

औषधाचा चमचा पुढं केल्यावर पोरं फिरवतात तसं त्यानं तोंड फिरवलं. अप्पांनी रुमाल तसाच धरून ठेवला. व्हॅन चालू होती, रस्त्यापलीकडं सोमेश गॉगल कपाळावर चढवून बघत होता, आणि अप्पांचा भाजलेला हात दुखत होता, पण तो खाली आला नाही.

"कसा असायला पायजे वास?" शेवटी किराणावाल्यानं तोंड न वळवता विचारलं.

"घ्या तर आधी," अप्पा म्हणाले. "मला सांगा कसा हाय. मलाबी कळू द्या."